ताळा कोण शिकवणार? पदवीच्या मुलांना संगणक शिकवणाऱ्या सर-मॅडमना खुले पत्र

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या पदवी महाविद्यालयांत संगणक शिकवणारे सर्व सर आणि मॅडम, तसेच त्यांचा अभ्यासक्रम ठरवणारे मंडळाचे सभासद यांस

स. न. वि. वि.

मी बेळगावच्या शहापुरात हिशेबाची कामं करतो. दोन खोल्यांचं ऑफिस, चार संगणक, एक प्रिंटर. गिऱ्हाईक सगळ्या तऱ्हेचं आहे: उद्यमबागेत फौंड्रीचं जॉबवर्क घेणारे, वडगावचे मागवाले, दोन सोसायट्या, खानापूर तालुक्यातली एक दूध संस्था, आणि गणपती आले की पावत्या पिशवीत कोंबून येणारे मंडळांचे खजिनदार. दरवर्षी निकाल लागला की बी.कॉम. झालेल्या एका-दोघांना मी हाताखाली घेतो. हे पत्र त्यांच्यामुळे लिहितोय. तक्रार त्यांच्याबद्दल नाही, हे आधीच सांगून टाकतो.

गेल्या वर्षी एक मुलगी आली. खानापूरकडची, रोज बसनं ये-जा करणारी. संगणकाच्या पेपरात उत्तम गुण. मी तिला एका सोसायटीची कर्जखात्याची फाईल उघडून दिली, सहाशेच्या वर ओळी असतील, आणि म्हटलं, “मार्चअखेर कोण किती थकलाय आणि नोटीस कोणाला काढायची, ते संध्याकाळपर्यंत बघ.” वीस मिनिटं ती स्क्रीनकडे बघत बसली. मग हळूच उठून आली. “सर, फॉर्म्युला कुठला घालायचा तेवढं सांगा की ओ. घालते मी.”

सांगितला. तिनं अर्ध्या मिनिटात घातला, खालपर्यंत ओढला, रकान्याला रंग दिला, मथळा मधोमध आणला. बोटं इतकी सराईत की मला माझीच लाज वाटली. मी अजून दोन बोटांनी टायपिंग करतो. पण पुढचं काम दिलं तशी ती पुन्हा माझ्या टेबलाशी उभी. त्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या मुलीला उत्तर कसं काढायचं ते तीन वर्षं शिकवलंय. इथं नेमकं काय काढायचंय, हे ठरवायची पाळी तिच्यावर एकदाही आलेली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला प्रॅक्टिकलची जर्नल आणायला सांगितली. खाकी कव्हर, सुवाच्य अक्षर, पानापानावर सह्या. एका प्रयोगात दहा विद्यार्थ्यांची गुणपत्रिका: पाच विषय, बेरीज, टक्केवारी, पास-नापास. दुसऱ्यात पगारपत्रक: मूळ पगार, महागाई भत्ता, घरभाडं. तिसऱ्यात रजेचा अर्ज, थोडा ठळक, थोडा तिरका, थोडा अधोरेखित. सगळे आकडे जागच्या जागी. एकही घर रिकामं नाही, एकही नाव दोनदा नाही, आणि प्रश्नातच लिहिलेलं की अमुक फंक्शन वापरा. असली स्वच्छ फाईल मला पंचवीस वर्षांत कोणी आणून दिलेली नाही. तुमच्या ओळखीत असा गिऱ्हाईक असेल तर पाठवा, त्याचं काम फुकट करून देतो.

आमच्याकडे येणारी फाईल कशी असते ते सांगतो. गावाचा रकाना घ्या. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटकातल्या बारा शहरांची इंग्रजी नावं सरकारनं बदलली, त्यात आपलं बेळगाव आलं. म्हणजे आधीच्या नोंदी जुन्या स्पेलिंगनं (Belgaum), नंतरच्या नव्या (Belagavi). मराठीत भरणारा ‘बेळगाव’ लिहितो, कन्नड कागदावरून उतरवणारा ‘बेळगावी’, आणि एखाद्या ‘बेळगाव’च्या मागे न दिसणारी एक स्पेस बसलेली असते. गावाप्रमाणे बेरीज मागितली की पिव्होट टेबल, म्हणजे यादीचे गट पाडून बेरीज देणारी एक्सेलची सोय, एका शहराची पाच शहरं करून समोर ठेवतं. गावाला कोणत्या नावानं हाक मारायची यावर आपल्याकडे पिढ्या गेल्या. यंत्राला त्यातलं काही कळत नाही, अक्षर जुळलं नाही की गाव वेगळं.

माणसांच्या नावांचं तर विचारूच नका. शाळेच्या दाखल्यावर नाव मराठीत, जमिनीच्या उताऱ्यावर कन्नडमध्ये, पासबुकावर इंग्रजीत. एकच यल्लाप्पा कुठं यल्लप्पा होतो, कुठं येळ्ळाप्पा. कुठं आडनाव आधी, कुठं वडिलांचं नाव आधी, कुठं आडनावाच्या जागी नुसतं एक अक्षर आणि टिंब. दोन याद्या नावावरून जुळवायला गेलात की निम्मी माणसं गायब. त्यासाठी सभासद क्रमांकासारखं काहीतरी न बदलणारं धरावं लागतं. डेटाबेसच्या पुस्तकात हाच धडा ‘प्रायमरी की’ या नावाखाली असतो आणि मुलं त्याची व्याख्या घोकून दोन गुण मिळवतात. सीमाभागातल्या मुलाला व्याख्येची गरजच नाही. त्याच्या घरातल्या चार कागदांवर आजोबांची चार नावं आहेत. ते कागद वर्गात आणायला सांगा, पुढचं तो तुम्हाला समजावून देईल. भाषेच्या भांडणात मला इथं पडायचं नाही. मी एवढंच म्हणतोय की जे लोढणं आपल्या गळ्यात आहेच, त्याचा निदान प्रॅक्टिकलला उपयोग करून घ्या. पुण्या-मुंबईच्या मुलांना असलं साहित्य घरबसल्या मिळत नाही.

तारखांचं दुखणं याहून वाईट, कारण ते वरून दिसत नाही. संगणकाची मांडणी अमेरिकन पद्धतीची राहिलेली असली की आपण ५ एप्रिल म्हणून टाकलेली ०५/०४ ही तारीख तो ४ मे समजतो. मुकाट्यानं. १३/०४ आली की तेरावा महिना नसतो म्हणून तो तिला तारीख मानायलाच तयार होत नाही, नुसता मजकूर म्हणून घराच्या डाव्या कडेला चिकटवून ठेवतो. म्हणजे महिन्याच्या बारा तारखेपर्यंतच्या नोंदी चुकीच्या पण दिसायला ठीक, आणि तेरापासूनच्या दिसायला ठीक पण हिशेबाला निरुपयोगी. थकबाकीचे दिवस मोजायला बसलात की निम्म्या लोकांचं व्याज महिन्यानं इकडे-तिकडे. माहीतगार माणूस रकान्याकडे नुसती नजर टाकून ओळखतो: काही तारखा उजवीकडे, काही डावीकडे, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय. ही नजर कुठल्या मेनूत सापडत नाही.

खाते क्रमांकाचंही तेच. एक्सेल कुठलाही आकडा पंधरा अंकांपर्यंतच नेमका ठेवतं. सोळा आकडी खाते क्रमांक संख्या म्हणून टाकला की शेवटचा अंक शून्य होऊन बसतो. सुरुवातीचं शून्य तर न विचारता उडतं. खाते क्रमांक दिसतो आकड्यासारखा, पण त्याची कोणी बेरीज करणार नाही, म्हणून तो आकडा नव्हे, नाव आहे. हे वाक्य मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो आणि प्रत्येक जण पहिल्यांदा माझ्याकडे वेड्यासारखा बघतो.

आता थोडं मागचं. मी हे काम शिकलो रविवार पेठेतल्या एका अडत दुकानात, संगणक यायच्या आधी. तिथले दिवाणजी चौथी पास. रोजकीर्द, खतावणी, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. पान भरलं की उभी बेरीज, मग आडवी बेरीज, कोपऱ्यात दोन्ही जुळल्या की लाल शाईचं बारीक टिंब. मोठा गुणाकार असला की नवाचा ताळा, म्हणजे अंकांची बेरीज करून उत्तर पडताळायची जुनी रीत. पण मला त्यांची आठवण राहिली ती दुसऱ्याच गोष्टीसाठी. मी पेन उचललं की ते विचारायचे, “किती यायला पाहिजे?” अंदाज सांगितल्याशिवाय बेरीज करू द्यायचे नाहीत. “दोन-सव्वादोन हजार,” म्हटलं आणि उत्तर एकवीस हजार आलं की माझं मलाच कळायचं, शून्य कुठं घसरलंय. संगणकावर काम करणाऱ्या आजच्या मुलाला हे कोणी विचारत नाही. उत्तर स्क्रीनवर आलं, दोन दशांश स्थळांसकट आलं, म्हणजे ते बरोबरच असणार. तुम्ही कॉमर्सच्या मुलांना ताळेबंद शिकवता. त्यातला ताळा मध्येच कुठंतरी गळून पडलाय.

मी स्वतः धुतल्या तांदळासारखा आहे असं कृपा करून समजू नका. पंधराएक वर्षांपूर्वी एका सोसायटीच्या थकबाकीच्या नोटिसा मी मेल मर्जनं काढल्या, म्हणजे यादीतली नावं-रकमा पत्रात आपोआप भरून. त्याआधी यादी नावांच्या क्रमानं लावून घेतली, पण निवडला होता फक्त नावांचा रकाना. एक्सेलनं विचारलं सुद्धा, शेजारचे रकाने बरोबर घेऊ का, आहे तेवढंच लावू? मी घाईत दुसरं बटण दाबलं. नावं हलली, रकमा जागेवर. चाळीसेक नोटिसा पोस्टात गेल्या. चौथ्या दिवशी वडगावचे एक म्हातारे मागवाले पायऱ्या चढून आले, हातात रबर लावलेला पावत्यांचा गठ्ठा. सगळं कर्ज फेडलेला माणूस. आवाज न चढवता म्हणाले, “माझं काय चुकलं तेवढं दाखवा.” मी खाली बघत राहिलो. नोटिसा काढण्याआधी पाच नावं मूळ वहीशी ताडून बघायला मला दहा मिनिटं लागली असती.

अशा चुका शहापुरातल्या हिशेबनिसाच्याच होतात असंही नाही. २०२० च्या शरदात इंग्लंडमध्ये करोनाच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी आठवडाभर आकडेवारीत आल्याच नाहीत, कारण प्रयोगशाळांचे निकाल एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाईलमध्ये ओतले जात होते आणि त्या फाईलला ६५,५३६ ओळींच्या पुढे जागा नसते. उरलेल्या नोंदी गळून पडल्या. कोणी शेवटची ओळ बघितली नाही.

त्याहून मला आवडतो तो अमेरिकेतला किस्सा. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट इथल्या विभागात थॉमस हर्नडन नावाचा विद्यार्थी होता. त्याला गृहपाठ दिला होता: एखादा छापून आलेला नामांकित शोधनिबंध घ्या आणि त्यातली आकडेमोड स्वतः करून बघा. त्यानं कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या मोठ्या अर्थतज्ज्ञांचा २०१० चा निबंध घेतला, देशावरचं कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की अर्थव्यवस्थेची वाढ खुंटते असं सांगणारा. याचं उत्तर काही केल्या त्यांच्या उत्तराशी जुळेना. शेवटी त्यांच्याकडून मूळ एक्सेल फाईल मागवली. सरासरीच्या फॉर्म्युल्यात खालच्या पाच ओळी, म्हणजे पाच देश, घ्यायचेच राहिले होते. निबंधावर हर्नडन आणि त्याच्या प्राध्यापकांनी इतरही आक्षेप घेतले, त्यांवर वाद झाले, पण एक्सेलची चूक मात्र दोघा लेखकांनी २०१३ मध्ये कबूल केली. मला यात पोराच्या हुशारीचं जेवढं कौतुक आहे त्याहून जास्त गृहपाठ देणाऱ्या शिक्षकांचं आहे. प्रयोग सातवा, पान बारा, असा तो गृहपाठ नव्हता.

आणि हे साधन मुळात आलं कुठून? १९७८ मध्ये हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये डॅन ब्रिकलिन हा विद्यार्थी वर्गात बसला होता. प्राध्यापक फळ्यावर तक्ता मांडत होते. एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून पुन्हा लिहायचे. याला वाटलं, एक बदलला की बाकीचे आपोआप का बदलू नयेत? बॉब फ्रँकस्टनला बरोबर घेऊन त्यानं व्हिजीकॅल्क केलं, १९७९ मध्ये ते अ‍ॅपल टू संगणकावर आलं, आणि एक्सेल त्याचंच पुढचं पिलू. म्हणजे पोराला आधी अडचण टोचली, मग बटण आलं. आपण मुलांना नुसती बटणं देतो.

मग द्यायचं काय, असं तुम्ही विचाराल. माझ्या टेबलावरून तीन गोष्टी सुचवतो, त्या सोडून तुम्हाला आणखी दहा सुचतील.

पहिली उसाची. चिकोडी-निपाणीकडच्या निम्म्या मुलांच्या घरात ऊस आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्रानं ठरवलेली एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा किमान दर, सव्वादहा टक्के रिकव्हरीला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलला ३५५ रुपये. वर जाणाऱ्या दर ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये जास्त, खाली येणाऱ्याला तेवढेच कमी, पण साडेनऊ टक्क्यांच्या खाली कितीही घसरली तरी ३२९.०५ रुपयांच्या खाली दर नाही. आता कारखान्याची रिकव्हरी सांगितली की दर सांगणारं घर तयार करा. मी हे गणित गेल्या दोन वर्षांत पाच-सहा मुलांना घातलं. बहुतेकांनी ‘इफ’च्या (‘असं असेल तर’ या अटीच्या) आत ‘इफ’ घालून जाळं विणलं आणि कंसांत अडकून पडले. एकानं आधी कागदावर रेघ मारली, मग विचारलं, “सर, साडेनऊच्या खाली दर हलतच नाही ना? मग खाली कशाला जायचं?” त्यानं लिहिलं ते इतकंच: रिकव्हरी आणि साडेनऊ यांतला मोठा आकडा घे, त्यातून सव्वादहा वजा कर, ३४.६० नं गुण, ३५५ मिळव. ‘मॅक्स’ हे एकच फंक्शन, ‘इफ’ एकही नाही. मी विचारलं, सव्वाअकरा टक्क्यांना किती यायला पाहिजे? त्यानं तोंडी सांगितलं, दहा टप्पे, चौतीस रुपये साठ पैसे, म्हणजे ३८९.६०, टनाला ३,८९६. स्क्रीनवर तेच. घरी जाऊन त्यानं काकांच्या बिलातून तोडणी-वाहतूक वजा करून ताडून पाहिलं. मी सांगितलं नव्हतं.

दुसरी बचत गटाची. गावोगावी बायकांचे गट आहेत, त्यांत आपापसात कर्ज ‘महिन्याला रुपया शेकडा’ असं दिलं जातं. एक लाख, तीन वर्षं, वर्षाला १२ टक्के, व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच: व्याजाचे झाले ३६,००० आणि हप्ता ३,७७८ रुपयांच्या आसपास. बँकेकडून तेच १२ टक्के घटत्या शिलकीवर घेतलं तर हप्ता ३,३२१ आणि तीन वर्षांचं व्याज साडेएकोणीस हजारांच्या थोडं वर. दोन्ही ठिकाणी पाटीवर १२ टक्केच लिहिलेलं. ३,७७८ चा हप्ता ‘रेट’ फंक्शनमध्ये घालून बघितला तर खरा दर २१ टक्क्यांच्या पुढे जातो. आमच्या ऑफिसातली मुलगी हे बघून दोन मिनिटं गप्प झाली, मग म्हणाली, “आईला सांगू?” मी म्हटलं, सांग, पण आधी छत्तीस हप्त्यांचा तक्ता स्वतः मांडून शेवटची शिल्लक शून्य येते का बघ, नाहीतर आई मला विचारायला येईल. (आई आलीच. पण तक्ता बरोबर होता.)

तिसरी दुधाची, तिच्यावर जास्त बोलत नाही. फॅट एका बाजूला, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) दुसऱ्या बाजूला, मध्ये दर. सकाळ-संध्याकाळची मापं, दहा दिवसांचं बिल, एखाद्या दिवशी मशीन बंद म्हणून अंदाजानं घातलेला आकडा. तक्त्यातून आकडा शोधून देणारं व्हीलूकअप फंक्शन इथं एका बाजूनंच बघतं आणि अडतं. मुलाला अडू द्या. अडल्यावर तो दोन्ही बाजूंनी शोधणारी ‘इंडेक्स’ आणि ‘मॅच’ ही फंक्शनं शोधत येईल, तेव्हा सांगा.

वर्डबद्दलही एक रडगाणं आहे. प्रकल्प अहवाल साठ पानांचा, आणि अनुक्रमणिका हातानं टाईप केलेली, टिंबं सुद्धा एकेक करून. मध्ये एक परिच्छेद घुसवला की सगळे पानक्रमांक खोटे. शीर्षकांना स्टाईल लावली असती तर अनुक्रमणिका स्वतः तयार झाली असती, हे शेवटच्या वर्षाच्या मुलाला माहीत नसतं आणि स्पेसबार दाबून मथळा मधोमध आणायची कला मात्र अवगत असते. आणि मराठी मजकूर असेल तर तो डीटीपीच्या दुकानातून जुन्या फॉन्टमध्ये टाईप होऊन येतो. त्या जुन्या फॉन्टांत ‘क’ हे अक्षर म्हणून साठवलेलंच नसतं. आत इंग्रजी चिन्ह असतं आणि फॉन्ट त्याच्यावर ‘क’चा मुखवटा चढवतो. दुसऱ्या संगणकावर फाईल उघडली की मुखवटा गळतो आणि इंग्रजी कचरा दिसतो. कन्नडच्या जुन्या फॉन्टांत टाईप केलेल्या फायलींचं हेच. त्या यादीला अकारविल्हे लावता येत नाही, त्यात शोधता येत नाही. ज्या गावात तीन लिप्यांत कारभार चालतो तिथल्या पदवीधराला युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, कळली नाही, तर मग कुठल्या गावातल्या पदवीधराला कळायचं?

तुमच्या अडचणी मला ठाऊक आहेत. साठ मुलं, वीस संगणक, त्यातले चार बंद, आणि ऐन प्रॅक्टिकलला वीज जाणार. धोरण तर दर दोन-तीन वर्षांनी कूस बदलतं: २०२१-२२ पासून नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाखाली ‘डिजिटल फ्लुएन्सी’ हा विषय आला, २०२४-२५ पासून राज्यानं पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली. वरून आलेला अभ्यासक्रम बदलायचा अधिकार वर्गातल्या शिक्षकाला नाही, हेही मान्य. निम्म्या मुलांकडे घरी संगणक नाही, मोबाईलवर बोटानं रकाने सरकवत सराव करतात. परवान्याचे पैसे नाहीत म्हणून चोरीची प्रत लावलेली मी पाहिली आहे. त्यापेक्षा एक्सेल-वर्डचीच कामं करणारं लिब्रेऑफिस घाला, फुकट आहे, सरळ मार्गानं फुकट आहे, आणि विचार करायला शिकवायचा तर बटण डावीकडे आहे की उजवीकडे यानं काही अडत नाही.

म्हणून माझी मागणी लहान आहे. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत एक प्रश्न असा ठेवा की ज्यात कुठल्याही फंक्शनचं नाव नसेल. एक घाणेरडी फाईल द्या, आणि खाली एका माणसाचा प्रश्न द्या, त्याच्याच शब्दांत: ‘यंदा माझे पैसे कुठं गेले?’ किंवा ‘नोटीस कोणाला काढू?’ पहिली पंधरा मिनिटं संगणक बंद. मुलानं कोऱ्या कागदावर लिहायचं: काय विचारलंय, काय दिलंय, काय दिलेलं नाही, आणि उत्तर साधारण किती यायला पाहिजे. मराठीत लिहू द्या, कन्नडमध्ये लिहू द्या, मनात ज्या भाषेत विचार होतो त्या भाषेत. मग संगणक. आणि शेवटी दोन ओळी: ताळा कसा पाहिला. या कागदाला गुण द्या, जमलं तर स्क्रीनवरच्या उत्तरापेक्षा जास्त. विद्यापीठाच्या परीक्षेत हे बसणार नसेल तर अंतर्गत गुण तुमच्या हातात आहेत, तिथून सुरू करा. दोन मुलांचं उत्तर सारखंच आलं तर हरकत नाही. अंदाजाचा कागद सारखा आला तर मात्र चौकशी करा.

कोणी म्हणेल, आता फॉर्म्युला कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारला की मिळतो. मिळतो, आणि झकास मिळतो. माझ्याकडची मुलंही विचारतात, मी अडवत नाही. पण तिला विचारायला आधी प्रश्न मांडावा लागतो, आणि ‘सर, काय करायचं ते सांगा’ हे वाक्य तिथं टाईप करून भागत नाही. यादीत पाच बेळगाव आहेत हे तिला कोणी सांगायचं?

मंडळाच्या सभासदांना वेगळं एकच सांगतो. ज्या वर्षी अभ्यासक्रम बदलाल त्या वर्षी मसुदा छापायच्या आधी एखाद्या सोसायटीच्या सेक्रेटरीला, एखाद्या दूध संस्थेच्या लेखनिकाला आणि उद्यमबागेतल्या एखाद्या डिस्पॅच क्लार्कला अर्धा दिवस बोलवा. चहा-पोह्यांपलीकडे खर्च नाही. त्यांच्या पेन ड्राइव्हमध्ये काय आहे ते फक्त उघडून बघा.

माझ्याकडे अशा फायलींचा साठा आहे. गिऱ्हाइकांची नावं, खाते क्रमांक, फोन सगळं काढून मी अकरा फायली वेगळ्या ठेवल्यात: दोन दुधाच्या, तीन कर्जाच्या, एक उसाची, एक गणपती मंडळाची (ही सगळ्यात अवघड, कारण तिच्यात खर्च जमेपेक्षा जास्त आहे आणि तरी शिल्लक दिसते), बाकी किरकोळ. प्रत्येकीबरोबर गिऱ्हाइकानं विचारलेला मूळ प्रश्न एका चिठ्ठीवर आहे. उत्तरं दिलेली नाहीत. ज्या कॉलेजला हव्यात त्यांनी एखाद्या विद्यार्थ्याला पेन ड्राइव्ह देऊन पाठवावं, शिक्षक स्वतः आले तर चहाही मिळेल. फक्त दुपारी दोन ते चार येऊ नका, मी जेवायला घरी जातो आणि किल्ली माझ्याजवळच असते.

आपला,
शहापुरातला एक हिशेबनीस